खोटे शिंपले, खरी फ्रेम

(हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोललेलं बहुतेक तसंच ठेवलंय, मधले ‘अं’ आणि ‘म्हणजे ना’ तेवढे काढलेत.)

आज आपण एक फोटोफ्रेम करणार आहोत. ४ बाय ६ इंचांचा फोटो बसेल अशी साधी लाकडी फ्रेम आणि तिच्या कडेने शिंपले, कवड्या, छोटे शंख. गंमत अशी की यातला एकही शिंपला समुद्रातून आलेला नसेल. सगळे पॉलिमर क्लेचे, म्हणजे चक्क खोटे.

आता तुमच्या डोक्यात आलेला प्रश्न मीच विचारते. कोकणात गेलं की किनाऱ्यावर शिंपले फुकट मिळतात, मग पैसे खर्चून खोटे कशाला करायचे? याचं उत्तर आधी देते, कारण पुढची सगळी कृती त्या उत्तरावर उभी आहे.

रिकामा म्हणजे बिनकामाचा नव्हे

किनाऱ्यावर पडलेला रिकामा शंख आपल्याला रिकामा वाटतो. पण हर्मिट क्रॅब नावाचा एक खेकडा असतो. त्याचं मागचं पोट मऊ असतं, त्यावर कवच नसतं, म्हणून तो दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहतो. वाढला की त्याला मोठा शंख शोधावा लागतो. पुण्या-मुंबईत भाड्याने खोली शोधलेल्या कुणालाही ही धावपळ समजेल. म्हणजे आपण जो सुंदर, न फुटलेला शंख उचलून खिशात टाकतो, तो कुणाचा तरी पुढचा फ्लॅट असतो. आणि जे शिंपले फुटतात, झिजतात, त्यांचीच पुढे वाळू होते.

‘मी एकटीने एक मूठ उचलली तर काय फरक पडतो?’ स्पेनमध्ये ल्यार्गा नावाचा एक किनारा आहे. तिथे शास्त्रज्ञांनी साधारण ३० वर्षांच्या अंतराने शिंपले मोजले. त्या काळात तिथले पर्यटक जवळजवळ तिप्पट झाले आणि शिंपले ६० टक्क्यांहून जास्त कमी झाले. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाची एकच मूठ होती, पण मुठी फार झाल्या.

दुकानात मिळणाऱ्या मोठ्या, चकचकीत शंखांची गोष्ट आणखी वेगळी. प्राणी मेल्यावर शंख लाटांमध्ये घासून फिका पडतो. त्यामुळे शोभेचे झळाळणारे शंख बहुतेकदा प्राणी जिवंत असतानाच गोळा केलेले असतात. आणि नॉटिलस किंवा ट्रायडॅक्ना हा महाशिंपला, अशा काही जातींना आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण आहे.

लहानपणी गोळा केलेल्या शिंपल्यांच्या डब्याबद्दल आता कुणी वाईट वाटून घेऊ नका. मुद्दा इतकाच, की आपल्याला शिंपल्याचा आकार आवडतो, आणि आकार घ्यायला शिंपला घ्यावा लागत नाही.

पण थांबा, दुसरी बाजूही सांगायला हवी. पॉलिमर क्ले म्हणजे माती नाही, ते प्लास्टिक आहे. कुजत नाही, विरघळत नाही. खेकड्याचं घर वाचवायचं आणि दोन महिन्यांत मोडून कचऱ्यात जाणारं प्लास्टिक करायचं, हा काही सौदा नव्हे. म्हणून आजची अट एकच : जे करू ते टिकलं पाहिजे. फ्रेम अशी करायची की वीस वर्षांनी त्यातला फोटो बदलेल, फ्रेम नाही. आता मी जे काही ‘हे कराच, ते करू नका’ म्हणेन ना, ते सगळं त्या एका अटीसाठी.

हा क्ले नक्की असतो काय?

बी.टेक.च्या पहिल्या वर्षी केमिस्ट्रीत पीव्हीसी हा शब्द मी परीक्षेपुरता वाचला होता. तोच पीव्हीसी, ज्याचे नळाचे पाईप असतात. पॉलिमर क्लेमध्ये पीव्हीसीचे अतिशय बारीक कण असतात आणि ते मऊ राहावेत म्हणून प्लास्टिसायझर नावाचा तेलकट पदार्थ घातलेला असतो. कच्चा असताना हे कण नुसते एकमेकांना टेकून असतात. ओव्हनमध्ये ठराविक तापमानाला कण प्लास्टिसायझर शोषून फुगतात आणि एकमेकांत मिसळून एकसंध होतात. म्हणजे क्ले ‘वाळत’ नाही, तर ‘जुळतो’. पुढे हे फार कामाला येणार आहे.

याचा इतिहासही छान आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या काळात जर्मनीत केटे क्रूज या प्रसिद्ध बाहुल्या करणाऱ्या बाई होत्या. बाहुल्यांच्या कामासाठी हा पदार्थ त्यांच्याकडे आला. कारखान्यात तो जमला नाही, पण त्यांच्या मुलीने, सोफीने, तो उचलला. तिचं घरातलं नाव फिफी. १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर या कंपनीने तो विकत घेतला आणि ‘फिमो’ नावाने बाजारात आणला. त्यातला ‘फि’ हा फिफीचा.

खरेदी करताना गोंधळ नको. एअर ड्राय क्ले हवेत वाळतो, तो वेगळा. मोल्ड-इटसारखा दोन भाग एकत्र मळायचा प्रकारही वेगळा. आपल्याला पाकिटावर ‘पॉलिमर क्ले’ असं लिहिलेला आणि ओव्हनचं तापमान छापलेला हवा. साधारण ५७ ग्रॅमचे छोटे ठोकळे मिळतात. एक पांढरा, एक अर्धपारदर्शक आणि मोहरी रंगाचा एक, एवढे आपल्या फ्रेमला पुरतील. मोहरीचा तर अगदी चिमूटभरच लागेल.

मे महिन्यात मागवणार असाल तर पार्सल आलं की लगेच घरात घ्या. उन्हात तापलेल्या गाडीत किंवा बाल्कनीत ठोकळा राहिला, तर तो आतून थोडा थोडा जुळायला लागतो आणि मळताना भुगा होतो.

आधी ओव्हन, मग कला

सगळे व्हिडिओ आकारापासून सुरुवात करतात. आपण ओव्हनपासून करू, कारण फ्रेम टिकणार की मोडणार हे तिथेच ठरतं.

एक : तापमान पाकिटावरचं. फिमोवर ११० अंश सेल्सियस आणि अर्धा तास लिहिलेलं असतं, तर स्कल्पीच्या बऱ्याच प्रकारांवर १३०. मैत्रिणीने सांगितलं म्हणून तिचं तापमान घेऊ नका, आपलं पाकीट वाचा.

दोन : ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका. बटण १३० वर असलं तरी आतलं तापमान वर-खाली होतं आणि तारांच्या जवळ जास्तच असतं. ओव्हन थर्मामीटर म्हणून एक छोटी तबकडी मिळते, ती आत ठेवा. शिंपले एका टाईलवर मांडा आणि वरून ॲल्युमिनियम फॉइलचा सैल तंबू करा, म्हणजे तारांची थेट आच लागणार नाही. मायक्रोवेव्ह मोड अजिबात नाही.

तीन, आणि हे नीट ऐका. तापमान फारच वाढलं तर क्ले तपकिरी होतो, करपतो आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा झोंबणारा वायू निघतो. नाकाला असा वास आला तर ओव्हन बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, खोलीबाहेर जायचं. ओव्हनचं दार उघडून डोकावायचं नाही. रूमवर राहत असाल आणि ओव्हन चौघांत मिळून असेल, तर आधी विचारा. त्याच ओव्हनमध्ये केक होत असेल तर झाकण असलेलं धातूचं भांडं फक्त क्लेसाठी ठेवा आणि भाजून झाल्यावर ओव्हन आतून पुसून घ्या. जमलं तर एक जुना, छोटा ओटीजी वेगळाच ठेवणं सगळ्यांत बरं. एकदा क्लेला वापरलेलं लाटणं, सुरी, डिश परत स्वयंपाकात न्यायची नाही.

आता चाचणी. आम्ही सॉफ्टवेअरवाले कोड लाईव्ह करण्याआधी टेस्ट करतो, तसंच हे. साधारण ३ मिलिमीटर जाडीची, बोटाएवढी पट्टी करा, भाजा, पूर्ण गार होऊ द्या आणि वाकवा. थोडी वाकली आणि परत सरळ झाली तर पास. बिस्किटासारखी कटकन मोडली तर नापास.

इथे बहुतेकांचा अंदाज उलटा जातो. मोडली की वाटतं जास्त भाजली गेली, पुढच्या वेळी आच कमी करू. खरं कारण बहुतेकदा उलटं असतं. कमी भाजली गेली, म्हणून कण नीट जुळलेच नाहीत. कच्चा राहिलेला शिंपला बाहेरून कडक, छान दिसतो. सहा महिन्यांनी फ्रेम टेबलावरून घसरते तेव्हा कळतं. पट्टी नापास झाली तर थर्मामीटर बघा, पाकिटावरचं तापमान खरंच मिळतंय का ते तपासा आणि थोडा जास्त वेळ द्या. ठरलेल्या तापमानाला दहा-पंधरा मिनिटं जास्त झाली तर सहसा बिघडत नाही. बिघडतं ते तापमान वाढल्याने.

एक शिंपला, वीस नकला

पट्टी पास झाली? आता मजा.

क्ले कणकेसारखा मळायचा. पोळपाटावर नाही, टाईल किंवा काचेवर. कच्चा क्ले पॉलिश केलेल्या टेबलावर ठेवला तर पॉलिश खराब होतं, काही प्लास्टिकही तो मऊ करतो. म्हणून आपली फ्रेमही लाकडाची किंवा एमडीएफची, प्लास्टिकची नाही. पांढऱ्या क्लेला धूळ आणि लोकरीचे तंतू लगेच चिकटतात, तेव्हा स्वेटर काढा, हात ओल्या वाइपने पुसा. क्ले फार चिकट असेल तर दोन साध्या कागदांमध्ये थोडा वेळ दाबून ठेवा, जास्तीचं तेल कागद ओढून घेतो.

रंग : पांढरा दोन भाग, अर्धपारदर्शक एक भाग आणि मोहरीचा चण्याच्या डाळीएवढा तुकडा. खरा शिंपला कधीच कागदासारखा पांढराफटक नसतो, आणि अर्धपारदर्शक भागामुळे त्याला थोडी खोली येते.

आता साचा. खरा शिंपला लागेल, पण तो किनाऱ्यावरून उचलायची गरज नाही. घरी तिसऱ्यांचं कालवण झालं की कवचं उरतातच. नसतील तर शेजारच्या काकूंना सांगून ठेवा. एक चांगलं, न फुटलेलं कवच निवडा, ज्याच्या पाठीवरच्या बारीक रेषा ठळक असतील. घासून, उकळून, वाळवून घ्या.

उरलासुरला क्ले घेऊन जाड गोळा करा. कवचाच्या पाठीला कॉर्नफ्लोअर लावा आणि पाठ खाली करून गोळ्यात सरळ दाबा, सरळ वर काढा. जो खळगा उरला तो आपला साचा. तो भाजून घ्या. जाड आहे, म्हणून पाकिटावर जाडीप्रमाणे जितका वेळ लिहिलाय तितका पूर्ण द्या. नंतर प्रत्येक वेळी साच्याला कॉर्नफ्लोअर लावायचं, क्लेची गोळी दाबायची, कडेने सोडवून काढायची. प्रोग्रामिंग येणाऱ्यांसाठी सांगते, साचा म्हणजे क्लास आणि प्रत्येक शिंपला त्याचा ऑब्जेक्ट. काम झालं की कवच कुटून तुळशीच्या कुंडीत घाला.

पण वीसही शिंपले अगदी सारखे आले तर फ्रेम कारखान्यातली वाटेल. म्हणून बाहेर काढल्यावर प्रत्येकाची कड बोटाने किंचित वेगळी वाकवा.

हाताने करायचे तीन

पंखा-शिंपला : करवंदाएवढी गोळी, एका टोकाला निमुळती. चपटी करा. निमुळत्या टोकापासून टूथपिकने पंख्यासारख्या रेषा दाबा. मग रेषांच्या मधली कड करंजीला मुरड घालतो तशी हलक्या हाताने वर-खाली करा.

कवडी : बोराच्या बीएवढा लांबट गोळा, खालून सपाट. वर मधोमध दाभणाने एक लांब चीर आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक दात. कवडी आपल्या फार जवळची. आई भवानीच्या भुत्यांच्या गळ्यातली माळ कवड्यांची, सारीपाटाचं दान कवड्यांचं. एके काळी ती चलन म्हणूनही चालायची, म्हणून तर ‘कवडीमोल’ हा शब्द. फ्रेमवर पाच-सहा कवड्या आल्या की ती आपोआप आपल्या घरातली दिसायला लागते.

मळसूत्री शंख : क्लेची लांब वळी करा, एका टोकाला जाड, दुसऱ्याला अगदी बारीक. टूथपिकवर बारीक टोकापासून गुंडाळत या. जाड टोक थोडं उघडं ठेवा, ते शंखाचं तोंड. आता एक बारकावा, जो चांगल्या-चांगल्या नकलांमध्ये चुकलेला दिसतो. बहुतेक सगळ्या शंखांमध्ये टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं, की तोंड उजव्या बाजूला येतं. उलट फिरलेले शंख निसर्गात फार दुर्मीळ. पूजेतल्या दक्षिणावर्ती शंखाला एवढं मोल येतं ते त्यामुळेच. तुमच्या फ्रेमवरचे सगळे डावे झाले तर बघणाऱ्याला नेमकं कारण कळणार नाही, पण काहीतरी खटकेल.

मोत्यासारखी झळाळी हवी असेल तर अभ्रकाची बारीक पूड मिळते, मोत्याच्या रंगाची. ती भाजण्याआधी मऊ ब्रशने शिंपल्याच्या आतल्या बाजूला चोळा. तोंडावर मास्क लावा, ती पूड उडते. खऱ्या शिंपल्याची झळाळीही रंगाची नसते. तिथे ॲरागोनाइट नावाच्या खनिजाचे अतिशय पातळ पापुद्रे, साधारण अर्धा मायक्रॉन जाडीचे, एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्यावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून ते रंग दिसतात. अभ्रकही चपट्या पापुद्र्यांचंच. नक्कल का जमते, ते आलं ना लक्षात?

जुळवणी

सगळे मिळून तीस-पस्तीस नग करा. टाईलवर भाजा, गार होऊ द्या. मग तपकिरी ॲक्रिलिक रंग पाण्यात पातळ करून सगळ्यांवर फासा आणि लगेच ओल्या कापडाने पुसा. रंग फक्त रेषांमध्ये आणि चिरांमध्ये उरतो. या एका पायरीने प्लास्टिकपणा निम्मा कमी होतो. वरून नेलपॉलिश लावू नका, क्लेवर ते कालांतराने चिकचिकीत होतं. चमक हवीच असेल तर पाण्यात मिसळणारं वार्निश लावा. मला विचाराल तर शिंपला बिनचमकीचाच खरा दिसतो.

फ्रेमची काच आणि मागची पाटी काढून ठेवा. लाकूड सँडपेपरने हलकं घासा, शिंपल्यांची खालची बाजूही घासा. आता गोंद न लावता नुसतं मांडून बघा. खाली डाव्या कोपऱ्यात मोठे, दाटीने. वर उजव्या कोपऱ्यात थोडे कमी. मधल्या पट्ट्यांवर तुरळक, थोडं लाकूड दिसू द्या. चारही बाजूंना सारखी रांग लावली तर ती रांगोळीची किनार होते, किनारा होत नाही. पटलं की मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि मग एकेक उचलून चिकटवा.

गोंद दोन नळ्यांचा इपॉक्सी, ॲराल्डाइटसारखा. झटपट गोंद ठिसूळ होतो, धक्का लागला की शिंपला टपकन गळतो. आणि आपली अट आठवतेय ना? रात्रभर फ्रेम आडवीच ठेवा. फोटो घालायच्या खाचेत गोंद गेला नाही ना, तेवढं बघून घ्या. फोटो बदलता आला नाही तर फ्रेमचं आयुष्यही त्या एका फोटोपुरतंच.

झालं! आता कुणीतरी विचारेलच, ‘अय्या, हे कुठल्या बीचवरून आणलेस?’ तेव्हा सांगा, की ते शिंपले अजून बीचवरच आहेत.

या आठवड्याचा गृहपाठ अगदी छोटा आहे. अख्खी फ्रेम नको. फक्त एक पट्टी भाजा, गार करा, वाकवा आणि पास की नापास ते मला कळवा. नापास झाली तर थर्मामीटरवरचा आकडा आणि क्लेचं नावही लिहा, म्हणजे नक्की काय झालं ते शोधता येईल.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर हात कामात ठेवा, आणि ओव्हनकडे लक्षही!